लिकेंबेची जवारी

‘काँगोट्रॉनिक्स’ सुरू होतं तेच फाटलेल्या आवाजात. ब्रुसेल्सच्या क्रॅम्ड डिस्क्स या कंपनीने २००४ साली काढलेल्या या अल्बमची पहिली रचना ‘कुले कुले’. धातूची एक पट्टी छेडली जाते आणि तिचा स्वर धड उमटायच्या आतच कडांनी खरखरू लागतो. लगेच दुसरी पट्टी, तिसरी. स्वर गोड आहेत, चाल सोपी आहे, पण प्रत्येक स्वराभोवती एक करकरीत, तापलेली कड आहे. नव्याने ऐकणारा माणूस आधी आपला स्पीकर तपासतो. स्पीकरला काही झालेलं नसतं. वाजत असतं ते लिकेंबे, मध्य आफ्रिकेतलं अंगठ्यांनी वाजवायचं लोकवाद्य. आणि वाजवणारी मंडळी काँगोची राजधानी किन्शासाची, कोनोनो नंबर वन.

लोकवाद्याला इलेक्ट्रॉनिक इफेक्ट जोडून केलेलं प्रयोगशील संगीत आता जगभर मुबलक मिळतं. त्यातलं बरंचसं ऐकताना वाद्य आणि इफेक्ट वेगवेगळे मोजता येतात. बासरी किंवा सारंगी आहे, तिच्यावर लांबलचक गुंजारव चढवला आहे, प्रतिध्वनी सोडले आहेत, खाली यंत्राचा ठेका धरला आहे. ऐकायला वाईट नसतं; पण इफेक्ट काढून घेतला तर वाद्य जसंच्या तसं उरेल, हे कानाला सतत जाणवत राहतं. कोनोनोच्या वादनात हा जोड सापडत नाही. मी तो पुष्कळ शोधला आहे. शोधता शोधता माझं मत असं झालं की वीज या वाद्यात बाहेरून आलेलीच नाही. लिकेंबेला जे पूर्वीपासून हवं होतं, तेच विजेने त्याला भरपूर दिलं.

त्यासाठी आधी वाद्य नीट बघायला हवं. लिकेंबे म्हणजे दोन्ही तळव्यांत मावेल एवढी लाकडी पेटी. तिच्यावर लोखंडी किंवा पोलादी पट्ट्या एका आडव्या दांडीखाली घट्ट दाबून बसवलेल्या. सायकलच्या आऱ्या, छत्रीच्या काड्या, हाताला लागेल ते ठोकून चपटं करून या पट्ट्या घडवल्या जातात. पट्टी पुढेमागे सरकवली की सूर बदलतो. वाद्य मिळवण्याची रीत तेवढीच. पेटी हातांत धरायची आणि दोन्ही अंगठ्यांनी पट्ट्यांची मोकळी टोकं खाली दाबून सोडायची. आता दोन बारकावे. एक, पुष्कळ लिकेंब्यांच्या पट्ट्यांच्या बुंध्याशी तारेची छोटी सैल वेटोळी किंवा कडी घातलेली असतात. पट्टी थरथरली की कडंही थरथरतं आणि स्वराबरोबर एक झणझणाट येतो. दोन, पेटीला भोक असतं. वाजवता वाजवता बोटाने ते झाकलं-उघडलं की स्वर ‘वा-वा’ असा उघडतो, मिटतो. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांनी पायाखाली ठेवायच्या डब्यांतून जे दोन परिणाम पुढे मिळवले, खरखर आणि वा-वा, ते दोन्ही या पेटीत विजेच्या आधीपासून होते.

आपल्या कानाला हे नवं वाटू नये. तानपुऱ्याची जवारी म्हणजे तरी काय? मिरजेच्या सतारमेकरांच्या हातात तानपुरा असतो, तेव्हा तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवला जातो. धागा चुकीच्या जागी असला तर तार ठक्क वाजते, सुरात असूनही मुकी राहते. तो केसभर पुढे, केसभर मागे करत नेला की एका जागी अचानक स्वर फुलतो, त्यातून एकामागून एक स्वयंभू स्वर झरू लागतात. म्हणजे तार घोडीच्या उतरत्या माथ्याला पुन्हा पुन्हा घासावी, तिच्या कंपनाला मुद्दाम थोडा अडथळा व्हावा, यासाठीच हा सगळा खटाटोप. शुद्ध, निर्विघ्न कंपन आपल्या पूर्वसूरींना पुरेसं वाटलं नाही. लिकेंबे घडवणाऱ्यालाही ते वाटलं नाही. त्याने पट्टीला कडं अडकवलं. जवारीवर वाढलेल्या श्रोत्याने कोनोनो ऐकताना एवढं ध्यानात ठेवलं की पुढचा रस्ता सोपा होतो.

या वाद्यमेळाचे कर्ते मावांगु मिंगिएदी. अंगोलाच्या सीमेलगत राहणाऱ्या बाझोंबो समाजातले, पेशाने ट्रकचालक. बाझोंबोंच्या विधींतलं, अंगात येईपर्यंत नाचवणारं संगीत मुळात हस्तिदंती शिंगांवर वाजत असे. शिंगांच्या मेळात एकाने एक-दोन स्वर फुंकायचे, पुढचा स्वर शेजाऱ्याने भरायचा आणि सगळ्यांच्या तुकड्यांतून चाल उभी राहायची. मिंगिएदींनी ही शिंगांची चाल लिकेंब्यांवर आणली. काळ १९६०च्या दशकातला, जागा किन्शासा. गावातल्या अंगणात लिकेंबे पुरतं. वाहनांच्या गजबजाटात, रस्त्यावर मांडलेल्या लग्नात किंवा अंत्यविधीच्या जमावात ते दहा पावलांवर ऐकू येत नाही. मिंगिएदींनी मोटारींच्या जुन्या भागांतली चुंबकं काढून घरच्या घरी पिकअप बनवले, ते लिकेंब्याला बसवले आणि वाद्य अँप्लिफायरला जोडलं. पोलादी पट्टी चुंबकापाशी हलली की भोवतीच्या तांब्याच्या तारेत वीज उमटते. तत्त्व इलेक्ट्रिक गिटारचंच. आवाज बाहेर सोडायला कर्णे होते, बेल्जियन राजवटीच्या काळातले. काँगोत त्यांना ‘लान्स-व्हॉ’ म्हणतात. आपल्याकडच्या जत्रेतल्या कर्ण्याचा आवाज ज्याच्या कानात आहे, त्याला या कर्ण्यांतून गाणं कसं येत असेल हे वेगळं सांगायला नको: खालचे सूर गाळलेले, मधले सूर पुढे आलेले, आणि सगळ्याला पत्र्याचा वास.

या सामग्रीतून आवाज फाटणार होताच. सुरुवातीला तो कुणाला हवाही नव्हता. ध्वनियंत्रणेचा दोष म्हणूनच तो आला. पण मेळाने तो वाद्यात मुरवून घेतला. हे मुरवणं कसं झालं, ते ऐकण्यात या संगीताचा खरा आनंद आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

अँप्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर चालवला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत मुळात नसलेले वरचे स्वर तयार होतात आणि आवाजाला धार येते. लिकेंब्याच्या बाबतीत याचे तीन परिणाम होतात. पट्टी एका टोकाला आवळलेली असते. अशा पट्टीचा दुसरा स्वर मूळ स्वराच्या सुमारे सव्वासहा पट उंचीवर असतो. मधली सगळी जागा रिकामी. म्हणून विजेशिवायचं लिकेंबे पाण्याच्या थेंबासारखं पोकळ आणि चिमुकलं वाजतं. छाटलेल्या लहरींतून आलेले स्वर ही रिकामी जागा भरतात आणि स्वराला अंग येतं. दुसरं, छाटणीमुळे छेडण्याचा पहिला ठोका आणि मागून विरत जाणारा स्वर यांच्यातलं अंतर कमी होतं. जो स्वर लगेच विझायचा तो टिकतो. ‘टिण्’ होतं तिथे ‘ट्यांऽव’ होतं. तिसरा परिणाम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दोन स्वर एकाच वेळी एकाच फाटक्या अँप्लिफायरमधून गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून आणखी स्वर जन्मतात. समजा एका पट्टीची कंपनं सेकंदाला ३०० आणि दुसरीची ४००. दोन्ही एकदम छेडल्या की खाली १००चा आणि वर ७००चा स्वर उभा राहू शकतो, आणि तो कुणीच वाजवलेला नसतो. ‘काँगोट्रॉनिक्स’मध्ये अधूनमधून तळाशी कुणीतरी घुमतंय असं वाटतं, त्यात खर्जाच्या लिकेंब्याचा वाटा आहेच, पण काही घुमणं या न वाजवलेल्या स्वरांचंही असावं. तानपुऱ्यातून झरणाऱ्या गांधाराला कुणाचं बोट लागलेलं नसतं, तसंच हे.

कोनोनोची लिकेंबी तीन: खर्जाचं, मधलं आणि तारसप्तकातलं. वाजवणाऱ्यांची गुंफण शिंगांच्या मेळाकडून आलेली आहे. एकाने दोन स्वर टाकायचे, दुसऱ्याने त्यांच्या फटीत आपले दोन बसवायचे. ‘लुफुआला न्डोंगा’ ही रचना ऐकताना मी सुरुवातीला वरच्या लिकेंब्याचाच माग धरतो. ते एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा म्हणत असतं. थोड्या वेळाने कान आपोआप खाली घसरतो आणि कळतं, ती ओळ एकट्या वरच्या लिकेंब्याची नव्हती. तिचा शेवटचा स्वर मधल्याकडून येत होता. तिथून पुढे कोण काय वाजवतंय हे सांगता येईनासं होतं. आवाज स्वच्छ असता तर तिन्ही वाद्यं कदाचित शेवटपर्यंत वेगळी राहिली असती. खरखरीने त्यांच्या कडा एकमेकींत मिसळल्या आहेत. तीन वाद्यांचं एकच मोठं वाद्य झालं आहे, आणि ही गोष्ट बाझोंबोंच्या शिंगांनाही साधायची होती.

मागे तालवाद्यं आहेत: ढोल, भांडीकुंडी, मोटारींचे सुटे भाग. शिट्टी आहे, आणि ती फार महत्त्वाची आहे. सगळा मेळ आवर्तनात रुतत चालला की ती तिरपी येते आणि नाचणाऱ्याला जागं करते. गाणं सवाल-जबाबाचं, एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. शब्द मला कळत नाहीत. पण कर्ण्यातून येणाऱ्या आवाजातली घाई कळते, गर्दीवरून पलीकडे पोचायची असते ती. आवाज आणि लिकेंबे दोन्ही एकाच जातीच्या यंत्रणेतून बाहेर पडतात, म्हणून दोघांचा पोत एक होतो. गायक वेगळा, साथ वेगळी असं राहत नाही.

पुनरावृत्तीबद्दल तक्रार ऐकू येते. तेच ते किती वेळ, असं काही रसिक म्हणतात. माझं उत्तर असं की ही रचना बसून ऐकणाऱ्यासाठी बांधलेलीच नाही. ती उभ्या, घामेजलेल्या अंगासाठी आहे. आणि बसून ऐकणाऱ्यानेही जरा कान बारीक केला तर काहीही ‘तेच’ नसतं. अंगठा प्रत्येक आवर्तनात थोडा जास्त किंवा थोडा कमी जोर देतो. एरवी त्यातून फक्त लहान-मोठा आवाज निघाला असता. इथे जोर वाढला की खरखर वाढते, म्हणजे स्वराचा रंगच बदलतो. हे वादक लयीला रंगाने हाताळतात. ते ज्याच्या ध्यानात आलं त्याला एका रचनेची आठ मिनिटं थोडी वाटू लागतात.

या मेळाचा शोध लागला त्याची हकिकतही या आवाजाशी जोडलेली आहे. १९७८ साली किन्शासात झालेलं त्यांचं एक ध्वनिमुद्रण फ्रेंच आकाशवाणीच्या ओकोरा मालिकेत ‘झाईर’ या संग्रहात आलं. काँगोचं तेव्हाचं नाव झाईर होतं. त्यात कोनोनोची एक अखंड रचना सुमारे सत्तावीस मिनिटांची आहे. बेल्जियन संगीतकार व्हँसाँ केनिस यांनी हे संगीत रेडिओवर ऐकलं आणि ते त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. त्यांनी पुढे किन्शासात जाऊन या मंडळींचा माग काढला. भेट झाली ती पहिल्यांदा ऐकल्यानंतर वीसेक वर्षांनी. दरम्यान देशात राजवट उलटली, युद्धं झाली, आणि मिंगिएदींचा आवाज तसाच फाटलेला होता.

केनिस यांची मोठी गोष्ट ही, की त्यांनी तो आवाज साफ करायचा मोह टाळला. ध्वनिमुद्रकाची सगळी तालीम खरखर काढून टाकण्याची असते. ‘काँगोट्रॉनिक्स’मध्ये प्रत्येक वाद्याला आपापली जागा आहे, ठोके स्पष्ट आहेत, खर्ज भक्कम आहे, आणि तरीही कर्ण्याचा पत्रा आणि अँप्लिफायरची धग शाबूत आहे. ओकोराच्या मुद्रणात आपण रस्त्याच्या कडेला उभे असतो. इथे आपण वादकांच्या मध्ये उभे राहतो. दोन्ही मुद्रणं मला प्रिय आहेत. पण लिकेंब्याची खरखर हा संगीताचा घटक आहे हे ओकोराच्या तबकडीवर ओळखायला मेहनत लागते. केनिस यांच्या मुद्रणात ते पहिल्या स्वराला कळतं.

युरोपात हा अल्बम गाजला. टेक्नोवाल्यांना तो टेक्नो वाटला, पंक रॉकवर वाढलेल्यांना त्यात आपला गोंगाट सापडला. त्यांचं कौतुक मनापासूनचं होतं आणि त्यामुळे कोनोनोला जगभर मंच मिळाले, याचा मला आनंद आहे. एका सुराशी मात्र माझं कधी जमलं नाही. ‘गरिबीने, भंगारातून, नकळत किती आधुनिक संगीत घडलं’ हा तो सूर. त्यातल्या ‘नकळत’ला माझी हरकत आहे. भंगारातून काय उचलायचं, चुंबक पट्टीच्या किती जवळ बसवायचं, अँप्लिफायर कुठवर चढवायचा, हे सगळे निर्णय कानाचे आहेत. वर्षानुवर्षं, लग्नामागून लग्नात घेतलेले. आणि पुढे युरोप-अमेरिकेतल्या मंचांवर हवी ती स्वच्छ यंत्रणा हाताशी असतानाही या मंडळींनी आपला आवाज सोडला नाही. ज्या दोषातून सुटका करून घेणं सहज शक्य होतं आणि तरी जो जवळ ठेवला, त्याला रुचीच म्हणायला हवं.

पुढे इतर कलाकारांबरोबरचे प्रयोग आले. आइसलंडच्या ब्यर्कने २००७ च्या ‘व्होल्टा’तल्या ‘अर्थ इन्ट्रूडर्स’ या गाण्यात त्यांची लिकेंबी घेतली. गाणं दमदार आहे, पण तिथे लिकेंबे मसाल्यापुरतं उरतं. निर्माता टिंबलंडचा ठेका त्याला मागे ढकलतो. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांच्या २०१० च्या ‘द इमॅजिन प्रोजेक्ट’मध्ये तर इतकी मोठी नावं एकत्र आहेत की कोनोनोचे अंगठे ऐकायला वाट बघावी लागते. लिस्बनमध्ये राहणाऱ्या, अंगोलात जन्मलेल्या बातिदाबरोबरचा २०१६ चा अल्बम यापेक्षा पुष्कळ जवळचा आहे, कारण बाझोंबोंचा मुलूख अंगोलाशी जोडलेला आहे आणि बातिदाच्या ठेक्यांना त्या नाचाची जाण आहे. तरी एक फरक राहतो. यंत्राचा ठेका पुढचा ठोका नेमका कुठे पडणार हे आधीच ठरवून टाकतो. लिकेंबी त्याच्यावर सुंदर वाजतात, पण एकमेकांच्या फटी शोधण्याचं काम त्यांना करावं लागत नाही. वीज वाद्याच्या आत होती तेव्हा ती अंगठ्याचं ऐकत होती. इथे अंगठ्याने विजेचं ऐकायचं आहे.

मिंगिएदी २०१५ च्या एप्रिलमध्ये वयाच्या ८५व्या वर्षी गेले. मेळाची धुरा मुलाकडे, ऑगस्टँ माकुंतिमा मावांगु यांच्याकडे गेली. वडिलांची एक रचना मात्र मी आवर्जून वेगळी काढून ऐकतो. २०१० च्या ‘अझ्यूम क्रॅश पोझिशन’ या अल्बमच्या अखेरीस ‘नाकोबाला लिसुसू ते’ आहे. मेळ नाही, शिट्टी नाही, सवाल-जबाब नाही. ऐंशीच्या घरातले मिंगिएदी आणि त्यांचं लिकेंबे. आवाज थकलेला आहे आणि तो थकवा लपवायचा त्यांचा मुळीच प्रयत्न नाही. लिकेंबे त्यांच्या गाण्याच्या खाली चालत राहतं. ओळ संपते तिथे दोन स्वर पुढे टाकून ते पुढच्या ओळीची जागा करून ठेवतं, मग गाणं त्या जागेत येऊन बसतं. तीन वाद्यांच्या मेळात जी गुंफण तीन माणसं करत होती, ती इथे एक माणूस गळा आणि दोन अंगठे यांत करतो.

कोनोनो ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांनी मी सांगेन याच रचनेपासून सुरुवात करावी. इथे अंगठे मोजता येतात, पट्टीचा ठोका आणि त्यामागची खरखर वेगळी ओळखता येते. ती ओळख झाली की ‘लुफुआला न्डोंगा’ लावावी, आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर नव्हे. खर्जाचं लिकेंबे तिथे पोचतच नाही, आणि तळाचं घुमणं गेलं की उरलेली खरखर पोरकी वाटते. चांगले मोठे स्पीकर असावेत, आवाज घरातल्यांनी एकदा तरी डोकावून जावं इतका असावा, आणि सत्तावीस मिनिटांची ओकोराची रचना त्यानंतर, सलग, उभ्याने ऐकावी.